मदत हवी: डिग प्रोबला सिग्नलच येत नाही!!

त्रस्त_पीएचडी: उंदराच्या मेंदूच्या सेक्शन्सवर (पातळ कापांवर) इन सिटू हायब्रिडायझेशन करतोय, म्हणजे गॅड६७ (गाबा बनवणारं एन्झाइम) चा एमआरएनए कुठल्या पेशींत आहे ते त्याला चिकटणाऱ्या आरएनए प्रोबने शोधतोय, प्रोबवर डिग (डिगॉक्सिजेनिन) लेबल, तीनदा केलं तरी सिग्नल शून्य, सोमवारी लॅब मीटिंग आहे, काय चुकतंय सांगा प्लीज लवकर

जुनी_खोड: आरएनेझ (आरएनए तोडणारं एन्झाइम), दुसरं काय. ग्लोव्ह्ज घालून मोबाईल हातात घेता ना, तिथेच प्रोबचा निकाल लागतो.

शुभाताई: मेंदूचा कुठला भाग? जाडी? हायब्रिडायझेशन किती डिग्रीला? प्रोब जेलवर पाहिलास का? काहीच लिहिलं नाहीयेस.

त्रस्त_पीएचडी: सेरेबेलम (लहान मेंदू), १४ मायक्रॉन, ६५ डिग्री, प्रोब टी७ एन्झाइमने बनवलाय, जेलवर छान बँड आहे. डेपसी पाणी (आरएनेझ मारलेलं) वापरतोच हो

अँटीबॉडीप्रेमी: कशाला ही कटकट, सरळ गॅड६७ ची अँटीबॉडी लावा, दोन दिवसांत काम फत्ते.

शुभाताई: आणि मग पेशी मोजायच्या कशा? प्रोटीन पार ॲक्सॉनच्या टोकापर्यंत जातं, सगळीकडे ठिपकेच ठिपके. एमआरएनए बहुतेक पेशीच्या धडातच राहतो, म्हणून तर प्रोब.

जुनी_खोड: तुम्हाला दोन दिवस जड जातात. गॉल आणि पार्ड्यू यांनी १९६९ साली ट्रिटियमवर (किरणोत्सर्गी हायड्रोजन) केलं हे. आम्हीसुद्धा किरणोत्सर्गी एस-३५ लावून, इमल्शनमध्ये बुडवून स्लाईड्स आठवडेच्या आठवडे अंधारात ठेवायचो.

सदाकाका: सासूबाईंच्या पायाला मुंग्या येतात, नसांची ही टेस्ट पुण्यात कुठे होते?

शुभाताई: काका, ही पेशंटची टेस्ट नाही, न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. आणि त्रस्ता, सेन्स कंट्रोलची स्लाईड (एमआरएनएसारखाच, म्हणून त्याला न चिकटणारा प्रोब लावलेली) कशी आहे?

त्रस्त_पीएचडी: त्यात बॅकग्राउंड आहे म्हणून लिहिलं नाही. मोठ्या जांभळ्या पेशींची एक ओळ, तिच्या वरच्या थरात बारीक ठिपके. एनबीटी-बीसीआयपी (रंग आणणारं द्रावण) टाकल्यावर दोन तासांत आलं

शुभाताई: अरे बाबा!! बॅकग्राउंड कधी ओळीत उभं राहतं का? त्या पुर्किन्ये पेशी, गॅड६७ ने भरलेल्या, वरचे ठिपके म्हणजे स्टेलेट आणि बास्केट पेशी. तुझा सेन्सच अँटीसेन्स आहे, म्हणजे एमआरएनएला चिकटणारा खरा प्रोब. अँटीसेन्स टी७ ने बनतो, दुसऱ्या टोकाच्या एसपी६ एन्झाइमने नाही, हे कुणी सांगितलं?

त्रस्त_पीएचडी: सीनियरच्या वहीत आहे

शुभाताई: वहीवर जाऊ नकोस, प्लाझमिड (प्रोबचा साचा असलेला डीएनए) सिक्वेन्सिंगला दे, इन्सर्ट (त्यातला गॅड६७ चा तुकडा) कुठल्या दिशेने बसलाय ते कळेल.

जुनी_खोड: तरी ग्लोव्ह्ज बदलाच.

त्रस्त_पीएचडी: वहीचं पुढचं पान आत्ता उघडलं. लिहिलंय, "इन्सर्ट उलटा आहे, अँटीसेन्सला एसपी६ वापरणे" 😐