आरेतल्या म्हशींना फायबरचं फिरतं छप्पर: चालेल की उडेल?

गोरेगाव_पूर्व

आरे कॉलनीतून रोज जाणं-येणं आहे, म्हणून हा धागा. 1949 च्या सुमारास मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या काळात शहरातले तबेले उचलून इथे आणायला सुरुवात झाली. 3,000 एकरांहून जास्त जागा, त्यात गोठ्यांची युनिटं, बाजूला पॅरा गवताचे मळे. म्हैस मात्र तेव्हा जी दावणीला बांधली ती बांधलेलीच. गवत कापून तिच्यापुढे आणायचं, शेण धुऊन नाल्यात सोडायचं. मिठी आणि ओशिवरा या दोन्ही नद्यांचं पाणी याच परिसरातून जातं, तेव्हा त्या शेणाचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

माझं म्हणणं असं: गोठाच गवतापर्यंत न्या. फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये फोम असलेली सँडविच पॅनल घ्या, दहा म्हशी मावतील एवढं छप्पर घसरपट्ट्यांवर उभं करा, ट्रॅक्टरने चार-पाच दिवसांनी पुढच्या तुकड्यात ओढा. सावलीत म्हैस, पायाखाली कुरण, शेण जागच्या जागी जमिनीत. पत्र्याच्या शेडचं ओझं ट्रॅक्टरला झेपणार नाही, कॉम्पोझिटचं (रेझिनमध्ये, म्हणजे चिकट राळेत, बसवलेले काचेचे धागे) झेपेल. तबेलेवाल्यांनी आणि इंजिनिअर मंडळींनी बिनधास्त हाणावं, पण मुद्द्यावर.

तिसरी_पिढी

हाणतो. आमच्याकडे रात्री दोनला धार सुरू होते आणि दुपारी पुन्हा दोनला. पहाटेची गाडी चुकली की ते दूध हलवायाच्या दारात उभं करावं लागतं, आणि तिथे भाव तो ठरवतो. रात्री दोनला तुमची दहा-दहा म्हशींची छपरं मळ्यात कुठे कुठे उभी असतील तिथे बॅटरी घेऊन हिंडायचं का? आणि बॅटरीच्या उजेडात आधी बिबट्या दिसला तर?

दुसरं, मुऱ्हा म्हैस पाचशे किलोची. जुलैत इथे ती ज्या तुकड्यात चार दिवस उभी राहील तिथे पाचव्या दिवशी गवत नसतं, चिखल असतो. पुढच्या वर्षीही त्या जागी गवताऐवजी टाकळ्याचं तणच उगवतं. खुरांखाली माती अशी दबते की पाणी मुरत नाही.

हिशोबनीस

बिबट्या बाजूला ठेवू. आधी ऊर्जेचं गणित मांडू, कारण हा प्रस्ताव तिथेच अडकतो.

मुंबईत वर्षभराची सरासरी धरली तर एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण 18 मेगाज्यूल ऊन पडतं. वर्षाचे झाले साडेसहा हजार. आता आपलं नैसर्गिक पावसाळी गवत. हेक्टरी 4 टन सुकं वजन धरा, म्हणजे चौरस मीटरला 400 ग्रॅम. सुक्या गवतात किलोला 18 मेगाज्यूल. म्हणजे त्या साडेसहा हजारांतले सात जेमतेम गवतात उतरले. हजारात एक. गवत नालायक आहे म्हणून नव्हे, पाऊस चारच महिने असतो म्हणून. बाकीचे आठ महिने ऊन वाया जातं.

आता खाणारी. दुभती म्हैस दिवसाला 12 किलो सुका चारा खाते. वर्षाला 4.4 टन. म्हणजे आपल्या हवेत एका म्हशीला एक हेक्टर गवत, तेही थोडं कमीच. कॉलनीची आखणी 16,000 जनावरांच्या आसपासची. 3,000 एकर म्हणजे बाराशे-तेराशे हेक्टर, त्यातही जंगल, पाडे, रस्ते आले. सगळंच्या सगळं कुरण केलं तरी बाराशे म्हशी. बाकीच्यांनी काय मेट्रोचे खांब चाटायचे?

सांडपाण्यावरचं पॅरा गवत हेक्टरी 20 टन सुकं धरलं (मी उदार होऊन धरतोय) तरी चाऱ्याचा तिसरा हिस्सा कसाबसा निघतो. म्हणूनच वाडा, शहापूर, पालघरकडचं गवत वखारीतून ट्रकने इथे येतं. सरकीची पेंड आणि चुनी येतात त्या त्याहूनही लांबून. म्हैससुद्धा हरियाणात तीन-चार वर्षं तिथल्या चाऱ्यावर वाढून मग इथे उतरते. आरे म्हणजे कुरण नाहीच. दुसऱ्यांच्या कुरणांचं टोक इथे येऊन पडलंय एवढंच. तुम्ही त्या टोकावर नवं छप्पर घालताय.

गोरेगाव_पूर्व

16,000 म्हशी चरायला सोडा असं मी कुठे म्हटलं? आणि सगळा चारा कुरणातूनच यावा असंही नाही. शाळेत शिकवतात तो दहा टक्क्यांचा नियम (खाल्लेल्यातली दहावा भागच ऊर्जा पुढच्या पातळीवर जाते) लावला तर दूध ही चैनच ठरेल. पण म्हणून लोक चहा काळा पितात का?

हिशोबनीस

दहा टक्के कशाला, मी लावतच नाही. लिंडेमन या परिसंस्था-अभ्यासकाने 1942 मध्ये मांडलं ते एका तळ्याच्या अभ्यासावरून, एका पातळीवरून दुसरीवर किती ऊर्जा जाते त्याबद्दल. सगळीकडे बरोबर दहाच येतात असं नाही. खुंट्यावरच्या एका म्हशीचा हिशोब वेगळा.

12 किलो चारा म्हणजे 216 मेगाज्यूल पोटात. त्यातली तिसऱ्या हिश्शाहून जरा जास्त शेणात जाते, 76 धरा. ढेकरांतून मिथेन 13. मूत्रात 9. उरली 118. आठ लिटर दूध दिलं तर त्यात 34. म्हणजे पोटात गेल्यापैकी 15-16 टक्के दुधात, हे वाईट नाही. पण यात तिचं वासरूपण, भाकड महिने, मेलेली पारडी काहीच धरलेलं नाही. ते धरलं की आकडा घसरतो. आणि चरायला फिरवली की चालण्याचा खर्च वेगळा, तो दुधातूनच वजा होणार.

गोरेगाव_पूर्व

थांबा. 118 मधून 34 गेले, 84 उरले. ते कुठे गेले ते तुम्ही लिहिलंच नाही. ते उष्णता होऊन बाहेर पडतात. दिवसाला 84 मेगाज्यूल म्हणजे जवळपास एक किलोवॅट, चोवीस तास. प्रत्येक म्हैस म्हणजे एक सुरू असलेला हीटर. शंभर म्हशींच्या गोठ्यात शंभर हीटर आणि वर तापलेला पत्रा. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी, डुंबायला पाणी नाही. ती खाणं कमी करते, कारण खाल्लं की पोटातच आणखी उष्णता तयार होते. मग दूध उतरतं. एका म्हशीच्या डोक्यावर दहा चौरस मीटर छप्पर धरा. त्यावर दुपारी आठ-नऊ किलोवॅट ऊन पडतं. त्यातला दहावा भाग जरी खाली झिरपला तरी दुसरी म्हैस शेजारी बांधल्यासारखं. छप्पर हा ऊर्जेचाच प्रश्न आहे, हिशोबनीस.

रेझिन_रोलर

फायबरवाला बोलतोय. वर्सोवा-मढकडच्या होड्यांवर फायबर मारण्यात हात मुरलाय, लालबागची कामंही केली. इथे जे चाललंय त्यात तीन गोष्टी कुणी बोलत नाही.

एक, वजन. अर्धा मिमीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पत्रा चौरस मीटरला चार किलो. दोन मिमीचा फायबरचा पत्रा तीन. वाचला फक्त एक किलो! तुमचं ते फोमचं सँडविच जाडीप्रमाणे पत्र्याहून जडही भरेल. जड होता तो जुना सिमेंटचा पत्रा, बारा-तेरा किलोचा. शेडचं ओझं पत्र्यात नसतं, खालच्या कैच्यांत (छपराच्या तिकोनी सांगाड्यांत) आणि खांबांत असतं.

दोन, ताठपणा. लोक म्हणतात फायबर लोखंडापेक्षा मजबूत. वजनाच्या मानाने ताण सोसायला हो. वाकण्याला नाही. कारखान्यात ओढून काढलेल्या फायबरग्लासच्या पट्टीचा ताठपणा लोखंडाच्या दहाव्या भागाएवढा, आणि घनता चौथ्या भागाएवढी. म्हणजे किलोमागे किलो धरलं तरी काचेचं फायबर लोखंडापुढे लवचिकच. तुटणार नाही, पण झोळ पडेल, झोळात पाणी साचेल, आणि साचलेलं पाणी झोळ वाढवेल. म्हणून सँडविच करतात: दोन कातड्यांमधलं अंतर दुप्पट केलं की ताठपणा चौपट होतो. ती अक्कल चांगली आहे. पण फोमला कातडी नीट चिकटली नसेल तर बोट वाजवून बघा, पोकळ आवाज येतो. पावसाळ्यात हाताने रेझिन मारलं की हवेतला ओलावा नेमकं हेच करतो.

तीन, आणि हे सगळ्यात मोठं. हलकं छप्पर खाली कोसळत नाही, वर उडतं. मुंबईसाठी मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात. त्याचा दाब चौरस मीटरला जवळपास 118 किलो येतो. तुमचं छप्पर चार किलोचं असो की दहाचं, वर ओढणाऱ्या त्या जोरापुढे सारखंच. तौक्तेच्या वेळी 17 मे 2021 ला कुलाब्यात ताशी 114 किमीचे झोत नोंदले. तेव्हा पत्रे कसे गेले ते गच्चीवरच्या प्रत्येक शेडवाल्याला विचारा. पत्रा फाटला नव्हता, हुकाच्या बोल्टभोवती ओढला गेला होता. फिरत्या छपराला पाया नसतो. मग त्याला जागेवर धरायला दर वेळी जमिनीत खुंट्या ठोका, नाहीतर काँक्रीटचे ठोकळे ठेवा. ठोकळे ठेवले की हलकेपणा गेला.

तिसरी_पिढी

हे ऐकलं ना? आता आमच्या गंजाचंही लिहा. गोठ्यातल्या मुताच्या वाफेने जीआय पत्रा खालून खातो, वरून खारी हवा. पत्रा वरून ठीक दिसतो आणि खालून बोट घातलं की आरपार. त्यात फायबर बरं, हे मीही मानतो.

रेझिन_रोलर

बरं, पण अमरपट्टा नव्हे. उन्हाने वरचं रेझिन झिजतं, मग काचेचे धागे उघडे पडतात. हात फिरवला की दोन दिवस खाज. वर जेलकोट, म्हणजे रेझिनचा संरक्षक थर, हवा. आणि दुकानात मिळतो तो बहुतेक उजेड येणारा फायबर पत्रा, तो म्हशीवर घातलात तर काचघरात कोंडल्यासारखं होईल. अपारदर्शक, पांढराच घ्यायचा. जुना झाला की भंगारवाला त्याच्याकडे बघतही नाही. लोखंडाचे किलोवर पैसे देतो. फायबर उचलायचे उलट तोच मागतो.

कुडाळची_पोर

तुम्ही सगळे रेझिनमध्ये अडकलात. माणगा बांबू लावा. तोही कॉम्पोझिटच, फक्त कारखान्यात बनत नाही. लिग्निनमध्ये बसवलेले सेल्युलोजचे धागे, आणि जिथे वाकण्याचा ताण जास्त त्या बाहेरच्या कडेला धागे दाट. किलोमागे ताठपणा लोखंडाच्या तोडीचा. बोरॅक्सच्या पाण्यात नीट मुरवला तर भुंगा लागत नाही.

रेझिन_रोलर

पटलं. फक्त ओल्या शेणात उभा नको, खाली काँक्रीटची बैठक. आणि जोडावर भरवसा दोरीचा नको, बोल्टचा.

मेंढका

आमची मूळ मंडळी धनगर, मी नोकरीनिमित्त कळव्यात. फिरत्या गोठ्याचा शोध चाललाय म्हणून सांगतो. पावसाळा संपला की मेंढ्या घाट उतरून कोकणात येतात, पनवेल-कल्याणच्या बाजूलाही. रात्री वाघर लावतात. वाघर म्हणजे जाळी, चार काठ्यांना ताणून बांधलेली. गुंडाळली की घोड्याच्या पाठीवर जाते. छप्पर नाहीच, त्यामुळे वारा उडवणार काय? ज्याच्या शेतात मेंढ्या बसवतात तो शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो, कारण रात्रीत लेंडी आणि मूत जागेवर पडतं. रानातल्या खुरट्या पाल्यातली ऊर्जा आणि खत पायांनी चालत शेतात येतं. डिझेल नाही, ट्रॅक्टर नाही.

गोरेगाव पूर्व, तुमची कल्पना चुकीची नाही, जनावर चुकीचं निवडलंय. चरणं हे फिरणाऱ्या कळपाचं काम. दोन वेळा धारेला बांधलेल्या म्हशीचं नव्हे.

गोरेगाव_पूर्व

जनावर बदलतो मग. दुभत्या म्हशी राहू दे दावणीला. भाकड आणि पारड्या घेऊ. त्यांना रात्री दोनला धार नाही, चारा दिवसाला सात-साडेसात किलो सुका पुरतो. हिशोबनीसांच्याच आकड्याने बघा: 500 भाकड जनावरांना वर्षाला सुमारे 1,370 टन. पॅरा गवत हेक्टरी 20 टन धरलं तर 68 हेक्टर, म्हणजे 170 एकर. 3,000 एकरांत एवढं निघत नाही असं म्हणू नका. आज भाकड झाली की विकतात आणि हरियाणातून नवी आणतात. चार वर्षांचा चारा खाऊन तयार झालेलं जनावर दोन वेतांत काढून टाकायचं, याला तुम्ही ऊर्जेची काटकसर म्हणता?

हिशोबनीस

आता बोललात कामाचं. 20 टनांना मात्र बारमाही पाणी लागतं, ते गोठ्याच्या धुण्याचं मिळेल. पावसाळ्यात चरणं बंद, कापून घालायचं, तिसरी पिढी म्हणतात तो चिखल खराच आहे. बिबट्यासाठी रात्री पक्क्या भिंतीत. म्हणजे फिरतं छप्पर फक्त ऑक्टोबर ते मे, दिवसा. त्याला कॉम्पोझिट कशाला? बांबूची चौकट आणि वर शेडनेट पुरे, वारा आरपार जाऊ दे, वादळाची सूचना आली की गुंडाळा. तुमचं सँडविच पॅनल पक्क्या गोठ्यावर, दुभत्यांच्या डोक्यावर ठेवा. तिथे त्याला काम आहे.

शेणाचंही एक. एक म्हैस दिवसाला 15 किलो ओलं शेण टाकते. गोबरगॅसमध्ये त्याचा 0.6 घनमीटर वायू, ऊर्जा 12 मेगाज्यूलच्या आसपास, म्हणजे दुधातल्या ऊर्जेच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. ती आज नाल्यात जाते. छपरापेक्षा आधी तिथे पैसे घाला.

तिसरी_पिढी

भाकड ठेवायची म्हणजे पैसा अडकवायचा. ती सहा-आठ महिने खाते, देत काही नाही. तुमचं 68 हेक्टर गवत फुकट मिळणार असेल तर बोलू, नाहीतर मी विकणारच.

पक्क्या छपराचं म्हणाल तर फायबर की पत्रा हा वाद इथे मिटायचा नाही. एक गोठा घ्या. अर्ध्यावर पांढरा सँडविच, अर्ध्यावर माझाच पत्रा चुना मारून, आढ्याला वाऱ्याची वाट ठेवून. मार्च ते मे दोन्हीकडचं दूध मोजू. माझी पैज चुन्यावर.

गोरेगाव_पूर्व

मंजूर. पण दोन्ही बाजूंना सारख्या वेताच्या म्हशी, आणि चारा रोज वजन करून घालायचा. नुसतं दूध मोजून कळणार नाही की उन्हाने खाणं किती घटलं.

तिसरी_पिढी

काटा तुम्ही आणा. आणि वजन करायला माणूसही, रात्री दोनला.