विशाखापट्टणमचे ११,४४० कोटी: पांढरा हत्ती कोणाला म्हणता?

भट्टीवाला: काल इथेच एकाने लिहिलं, 'विशाखापट्टणमच्या सरकारी पोलाद कारखान्याला केंद्राच्या मदतीचे ११,४४० कोटी म्हणजे पांढऱ्या हत्तीला ऊस. बंद करा नि लोकांना घरी पाठवा.' दुसऱ्या एका कारखान्यात कोक ओव्हनवर, म्हणजे कोळसा भाजून कोक करणाऱ्या भट्टीवर, उमेदीची वर्षं गेली माझी, म्हणून सविस्तर लिहितोय. बंद करा म्हणजे दुकानाचं शटर ओढणं नव्हे. ओव्हनची बॅटरी, म्हणजे भट्ट्यांची रांग, पूर्ण थंड झाली की आतल्या सिलिका विटा तडकतात. मग पेटवणं नाही, नवीच बांधायची. आणि तोट्याचं मूळ कोणी बोलतच नाही. भिलाईच्या कारखान्याला दल्ली-राजहराची खाण आहे, टाटांना नोआमुंडीची. यांना स्वतःची लोहखनिजाची खाणच नाही, छत्तीसगडच्या बैलाडिल्याचा माल विकत घ्यायचा. ७३ लाख टनांचा कारखाना उभा करायचा, खाण द्यायची नाही, व्याज चढू द्यायचं आणि २०२१ साली ठरवायचं, विकून टाका!

करदाता: हत्ती मीच म्हणालो होतो आणि अजून म्हणतो. खाण नाही, कबूल. मग जानेवारी २०२५ च्या पॅकेजमधून खाण आली का? १०,३०० कोटी भांडवल म्हणून ओतले, १,१४० कोटींचं कर्ज शेअर भांडवलात बदललं. खाणीच्या नावाने शून्य. माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप अडचणीत आलं तेव्हा बँकेने दारावर नोटीस डकवली, मंत्रिमंडळ बसलं नव्हतं. वर एप्रिल २०२५ मध्ये आयात पोलादी पत्र्यावर १२ टक्के शुल्क. मोठ्यांचं संरक्षण, बिल आमच्या नावाने.

लालबागची: पॅकेज ऐकलं की डोकं फिरतं माझं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाबा विव्हिंग, म्हणजे विणाई खात्यात. आई त्यांचा डबा रोज घासून फळीवर उपडा ठेवायची, उद्या गिरणी सुरू झाली तर म्हणून. दोन वर्षं. आम्हाला काय मिळालं? म्हाडाच्या सोडतीचा फॉर्म.

हिशेबनीस: ताई, १९८३ साली सरकारने १३ गिरण्या ताब्यात घेतल्याच होत्या की. चालल्या का? तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय.

लालबागची: आधी ताई म्हणणं बंद करा. गिरण्या चालवायच्या कोणाला होत्या? डोळा जमिनीवर. गिरण्यांच्या जमिनीबद्दलच्या १९९१ च्या नियमात एक तृतीयांश जमीन घरांसाठी, एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी होती. २००१ मध्ये हळूच दुरुस्ती केली की वाटा फक्त रिकाम्या जमिनीतून. शेड उभी असलेली जमीन गेली मालकाच्या खिशात. हिशेबनीस ना तुम्ही, करा हिशेब.

हिशेबनीस: आणि लांबलेला संप? त्यावर बोलायचं नाही, असंच ना?

लालबागची: बोला की. बदली कामगाराचा, म्हणजे कायमवाला गैरहजर असला की घेतला जाणाऱ्याचा, पगार किती होता, तिथून सुरुवात करा.

भट्टीवाला: अहो, धागा पोलादाचा आहे! तरी जमिनीचा मुद्दा सोडवत नाही. विशाखापट्टणमचीही हजारो एकर आहे, गावं उठवून घेतलेली. 'विशाखा उक्कु, आंध्रुल हक्कु' (विशाखाचं पोलाद, आंध्रवासीयांचा हक्क) म्हणत १९६६ मध्ये लोकांनी गोळ्या झेलल्या. बोली कारखान्यावर लागेल की जमिनीवर?

गेटपास_रद्द: कायमवाल्यांनो, तुमचं होऊ द्या. मी एका पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे नऊ वर्षं स्लॅग, म्हणजे भट्टीतली मळी, उपसला. एका सोमवारी गेटवर पास लावला, लाल दिवा. मागची रांग ओरडायला लागली, 'सरक रे.' मदत येते ती कारखान्याला. ठेकेदाराच्या रजिस्टरात कोण होतं, हे कोण विचारतं?

भट्टीवाला: याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या युनियननेही कधी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू?

करदाता: चला, युनियनवाल्याने एक चूक मान्य केली, पेढे वाटा. मीही अर्धं पाऊल मागे येतो: खाण द्या, कंत्राटींची देणी आधी फेडा, मग माझ्या कराचे पैसे घ्या. हत्ती मात्र हत्तीच.

लालबागची: बदलीच्या पगाराचं उत्तर अजून आलेलं नाही, हिशेबनीस.