जर्मनीतल्या कमिशन एजंटचा करार थांबवायचा आहे, भरपाईबद्दल सल्ला हवा

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं युनिट आहे, सीएनसीवर हायड्रॉलिक्सचे सुटे भाग करतो. बराचसा माल श्टुटगार्टच्या आसपासच्या कारखान्यांना जातो. तिथली विक्री गेली सात वर्षं एक स्थानिक गृहस्थ कमिशनवर बघतात. माणूस सचोटीचा, आजची बहुतेक गिऱ्हाइकं त्यांनीच जोडलेली. आता माझी पुतणी तिकडचं शिक्षण संपवून हे काम हातात घेणार आहे, म्हणून करार थांबवायचाय.

करारात भारतीय कायदा आणि पुण्याचं न्यायालय लिहिलंय. सीए म्हणतात, महिन्याची नोटीस द्या, विषय संपला. ते गृहस्थ म्हणतात, जर्मन व्यापारी कायद्याच्या कलम ८९ ब खाली भरपाई मिळते. त्यांच्या हक्काचं मला बुडवायचं नाही, पण आकडा आधी कळायला हवा, बँकेची लिमिट जवळजवळ भरली आहे. शिवाय ते फक्त आमचंच काम करतात, आमचाच ईमेल वापरतात. उद्या 'मी तुमचा नोकरच होतो' म्हणाले तर? आणि वकील कुठला गाठायचा?

प्रतिसाद:

दादा, सीएंच्या सांगण्यावर नोटीस काढू नका. एजंट युरोपियन युनियनमध्ये काम करत असेल तर करारात बाहेरच्या देशाचा कायदा लिहून ही भरपाई टाळता येत नाही. युरोपियन न्यायालयाने २००० साली इंगमार खटल्यात तसं ठरवलंय, तिथे कॅलिफोर्नियाचा कायदा लिहिलेला होता. पुण्याच्या न्यायालयाच्या कलमावरही विसंबू नका.

रकमेची कमाल मर्यादा म्हणजे शेवटच्या पाच वर्षांच्या सरासरीने एका वर्षाचं कमिशन. तेवढं द्यावंच लागतं असं नाही. त्यांनी आणलेल्या गिऱ्हाइकांकडून तुम्हाला पुढेही भरीव फायदा होणार का, हे बघतात. तुमच्या बाबतीत होणारच आहे, तेव्हा मोठ्या आकड्याची तयारी ठेवा. करार संपल्यापासून वर्षाच्या आत त्यांनी मागणी करायला हवी. नोटीसही जर्मन कायद्याने पाच वर्षांनंतर सहा महिन्यांची, महिनाअखेरीला संपणारी. कुणी सुचवेल की त्यांच्याकडूनच राजीनामा लिहून घ्या, कारण स्वतःहून सोडलं तर हक्क सहसा जातो. तसं अजिबात करू नका, सात वर्षं सोबत काढलेल्या माणसाशी हे शोभत नाही.

नोकर ठरण्याचा प्रश्न खरा आहे. एकाच कंपनीचं काम करणं एवढ्यावर कुणी नोकर ठरत नाही. आपलं काम आणि वेळ ते स्वतः ठरवतात का, हे महत्त्वाचं. रोज कुठे जायचं हे तुम्ही सांगत असाल, रजा तुम्हाला विचारून घेत असतील, तर सामाजिक विम्याचे मागचे हप्ते अंगावर येऊ शकतात. जुने ईमेल वकिलाला दाखवाच.

वकील 'फाखअनवाल्ट' म्हणजे विषयतज्ज्ञ हवा, व्यापार व कंपनी कायद्याचा. नोकरीच्या मुद्द्यासाठी कामगार कायद्याचा वेगळा असतो, दोन्ही असलेलं ऑफिस मिळालं तर उत्तम. पहिल्या सल्ल्याच्या फीवर १९० युरोची मर्यादा आहे, पण ती खासगी ग्राहकांना, व्यवसायाला नाही. म्हणून फी आधी लेखी ठरवा. जाताना करार, पाच वर्षांची कमिशनची स्टेटमेंटं आणि कुठलं गिऱ्हाईक कुणी आणलं याची यादी न्या.