भर उन्हातली वॉक टेस्ट

लातूरच्या आडत दुकानातला पीआयआर सेन्सर (चोर आल्यास हालचाल ओळखून इशारा देणारे उपकरण) रात्री नीट चालतो, पण मे महिन्यातल्या दुपारी माणूस समोरून गेला तरी गप्प राहतो, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते तो बिघडलेला नसावा. हा सेन्सर स्वतः किरण सोडत नाही, तर हलणारे अंग आणि मागची भिंत यांच्या उष्णतेतला फरक टिपतो, आणि पत्र्याखालची भिंत ३५ अंशांच्या आसपास तापली की तो फरक जवळजवळ उरतच नाही. तापमानानुसार संवेदनशीलता वाढवणारा सेन्सर घ्यावा. तरीही केवळ त्यावर विसंबू नये, शटरला ते उघडताच इशारा देणारा चुंबकी स्विच लावावाच.

सेन्सर साधारण सव्वादोन मीटर उंचीवर, कोपऱ्यात, ऊन किंवा कूलरचा झोत अंगावर येणार नाही असा बसवावा. वॉक टेस्ट, म्हणजे सेन्सरसमोर चालून पाहण्याची चाचणी, सकाळच्या गारव्यात न घेता दुपारी तीनला घ्यावी. आडवे चालल्यावर सेन्सरवरचा लाल दिवा दुसऱ्या-तिसऱ्या पावलाला लागतो, पण सरळ त्याच्याकडे चालत गेल्यास उशिरा लागतो, म्हणून दोन्ही प्रकारे चालून पाहावे. सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी बदलली की मात्र चाचणी पुन्हा घ्यावी, कारण पोत्यांआडचे त्याला काहीच दिसत नाही.