'किडनी निकामी' म्हणावं का?

बहिणीच्या बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर 'बर्थ अ‍ॅस्फिक्सिया, ए.के.आय.' (म्हणजे 'अ‍ॅक्यूट किडनी इंज्युरी') लिहिलंय. जन्मल्यावर ते लगेच रडलं नव्हतं. आईला सांगताना मी बोलून गेले, "बाळ गुदमरलं होतं, किडनी निकामी झाली होती." तिने डोळ्यांना पदरच लावला. इकडे बाळ मजेत लंगोट ओले करतंय! नेमका मराठी शब्द कोणता?

प्रतिसाद १
श्वासावरोध. आणि किडनी म्हणजे मूत्रपिंड. पाठ्यपुस्तकात वृक्क, मटणाच्या दुकानात गुर्दा.

प्रतिसाद २
नवजात अतिदक्षता विभागात नोकरी केली आहे, म्हणून थोडं लांबण लावते. श्वासावरोध म्हटलं की घशात काही अडकल्यासारखं वाटतं. पण पोटातल्या बाळाला प्राणवायू नाकातून नाही, वारेतून आणि नाळेतून मिळतो. नाळ दाबली गेली किंवा वार आधीच सुटली की तो कमी पडतो. गंमत म्हणजे 'अ‍ॅस्फिक्सिया' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'नाडी नसणे'. त्यात श्वास कुठेच नाही!

'निकामी' मला खटकतो. निकामी खुर्ची माळ्यावर जाते, परत येत नाही. इथे प्राणवायू तुटला की शरीर रक्त मेंदू-हृदयाकडे वळवतं आणि मूत्रपिंडं उपाशी राहतात. लघवी किलोमागे तासाला 1 मिलीच्या खाली येते. काहींची तर नीट होत असूनही आत इजा असते. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) पाहावं, तर पहिल्या दिवशी ते बरंचसं आईचंच असतं. पुढे उतरण्याऐवजी चढलं की शंका पक्की. तरीही, वाचलेल्या बऱ्याच बाळांची मूत्रपिंडं काही दिवसांत सावरतात.

डॉक्टरांनीही 'फेल्युअर' मागे टाकून 'इंज्युरी' धरलंय, कारण निकामी होण्याआधीची इजाही मोजायची असते. फक्त 'अ‍ॅक्यूट'चं 'तीव्र' करू नका. तो शब्द जोर नाही, अचानकपणा सांगतो. 'मूत्रपिंडाला अचानक झालेली इजा' लांबलचक आहे, पण खरं आहे.

प्रतिसाद ३
आमची आजी 'लघवी तुंबली' म्हणायची. चालेल?

प्रतिसाद २ कडून
नाही हो. तुंबते ती तयार झालेली लघवी. इथे मुळात तयारच कमी होते.

मूळ प्रश्नकर्तीकडून
आईला आता सांगितलं, "किडनीला मार बसला होता, सावरलीये, अधूनमधून रक्तदाब बघायचाय." ती म्हणाली, "मग आधीच असं सांगायला काय झालं होतं?"