पीएच रात्री खाली आणतो, सकाळी परत वर. घरातल्या झाडांसाठी सल्ला हवाय

खिडकीतला_मळा

नमस्कार मंडळी. घरात एलईडी ग्रो लाइटखाली २० लिटरच्या टबात, मातीशिवाय खताच्या पाण्यात, लेट्यूस आणि बेझिल लावलंय, नेट पॉट, क्ले बॉल, खाली एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा) दिवसरात्र चालू. बाजूला दोन कुंड्यांत कोकोपीटमध्ये मिरची आहे. खत म्हणजे ए आणि बी असं दोन बाटल्यांचं, पाणी नळाचं. प्रॉब्लेम असा की रात्री टबाचा पीएच ५.८ करून झोपावं तर सकाळी ६.६ आणि संध्याकाळपर्यंत ७ च्या वर, मग परत पीएच डाऊन, परत तेच, आणि आता लेट्यूसची नवीन पानं पिवळट यायला लागलीत, शिरा तेवढ्या हिरव्या, जुनी पानं मात्र ठणठणीत. मिरचीच्या पानांची टोकं करपल्यासारखी दिसतायत. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) टबात ९०० पीपीएम दाखवतो.

पीएच डाऊन म्हणून सध्या सायट्रिक ॲसिडची पूड वापरतोय. तर पीएच डाऊन चांगलं कुठलं, मीटर बदलावा का, खत वाढवू की कमी करू? कोणी म्हणतं सगळं आरओचं पाणी घे, कोणी म्हणतं अजिबात नको. डोकं भंजाळलंय.

मुळाक्षर

खताला आत्ता हात लावू नका, वाढवू तर अजिबातच नका.

नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह. लोह झाडात एकदा जिथे बसलं तिथून सहसा हलत नाही, म्हणून कमी पडलं की पहिला फटका कोवळ्या पानाला आणि जुनं पान मजेत. हेच चित्र जुन्या पानावर असतं तर मी मॅग्नेशियम म्हटलं असतं, आणि जुनं पान शिरांसकट सरसकट पिवळं असेल तर नायट्रोजन. आता लोह टबात नाहीये असं नाही, बाटलीत असणारच, पण ते कुठल्या चिलेटमध्ये (लोहाला पाण्यात विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग) आहे ते लेबलवर बघा. ईडीटीए असेल तर साधारण ६.५ च्या वर पीएच गेला की त्याची पकड सुटते आणि लोह झाडाच्या उपयोगाचं राहत नाही, डीटीपीए ७.५ च्या आसपास टिकतं, ईडीडीएचए त्याच्याही वर. तुमचा टब रोज निम्मा दिवस ६.५ च्या वर असतो, म्हणजे ताटात आहे पण घास तोंडात जात नाही अशी गत.

मग पीएच चढतो का? नळाच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, ते ॲसिड गिळतं. तुम्ही ॲसिड टाकलं की त्यातल्या थोड्या बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो पाण्यात विरघळलेला असेपर्यंत मीटर खाली दाखवतो, आणि मग रात्रभर एअर स्टोन तो गॅस बाहेर काढतो, की सकाळी पीएच वर. ॲसिड वाया गेलं असं नाही, पण बायकार्बोनेट अजून शिल्लक आहे एवढाच त्याचा अर्थ. नळाच्या पाण्याचा पीएच ७.५ आहे की ८ हे त्यामानाने बिनमहत्त्वाचं, त्यात बायकार्बोनेट किती आहे हे महत्त्वाचं, आणि ते पीएच मीटरवर दिसत नाही. मत्स्यालयवाल्यांकडे बायकार्बोनेट मोजायचं केएच टेस्ट किट असतं, थेंब मोजायचं, ते इथे मस्त चालतं.

एक टेस्ट करा. टबातलंच पाणी, तेच खत, तोच पीएच, पण झाड नसलेल्या बादलीत दुसरा एअर स्टोन टाकून रात्रभर ठेवा. सकाळी बादलीचाही पीएच चढला असेल तर दोष पाण्याचा (आणि तुमच्या सायट्रिकचा, त्यावर दुसरं कोणीतरी लिहीलच). बादली जागेवर आणि टब तेवढा चढला तर झाडं नायट्रेट खातायत, ते चांगलं लक्षण आहे.

पाणीपाणी

मी लिहितो सायट्रिकवर. सायट्रिक आणि व्हिनेगर दोन्ही पाण्यातल्या जिवाणूंचं खाणं आहे. ते खाऊन संपवतात, पीएच परत जागेवर, आणि वर मुळांना बुळबुळीत थर बसतो तो वेगळाच. एखाद्या दिवसाची नड भागवायला ठीक आहे, टबासाठी नाही. फॉस्फोरिक घ्या. ८५ टक्केवालं मिळालं तर ते थेट टबात कधीच टाकायचं नाही, आधी पातळ करून ठेवायचं, ९० मिली पाण्यात १० मिली ॲसिड, आणि पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी नाही. हातमोजे, चष्मा, आणि बाटलीवर ठळक नाव, घरात लहान मुलं असतील तर कुलपात. मग त्या पातळ केलेल्यातलं १ मिली २० लिटरला टाका, ढवळा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग मोजा. लगेच मोजून दुसरा डोस टाकणारे लोकच सकाळी ४.५ बघून धागा काढतात.

गाडीच्या बॅटरीचं ॲसिड वगैरे कोणी सुचवलं तर ऐकू नका. आणि वर न्यायचं असेल तर खायचा सोडा नको, त्यातलं सोडियम साचत जातं, पोटॅशियम बायकार्बोनेट किंवा बाटलीतलं पीएच अप घ्या.

रात्रपाळी

९०० म्हणजे कुठल्या स्केलवर?? हे विचारल्याशिवाय कोणी उत्तर देऊ नका राव. टीडीएस मीटर पीपीएम मोजतच नाही, तो ईसी मोजतो (पाण्यातून वीज किती वाहते ते, क्षार जास्त तितका ईसी जास्त) आणि आतल्या आत गुणतो, काही ५०० ने काही ७०० ने. ५०० वाला असेल तर तुमचा ईसी १.८, ७०० वाला असेल तर १.३ च्या जवळपास. लेट्यूसला ०.८ ते १.२ पुरतो, बेझिलला १ ते १.६. म्हणजे एका हिशोबात जरासं जास्त आणि दुसऱ्या हिशोबात लेट्यूसला जवळजवळ दीडपट. मीटरवर ईसीचं बटण असेल तर तेच वापरा आणि पीपीएम विसरून जा. आणि नळाच्या नुसत्या पाण्याचा ईसी आधी मोजा, तो ०.५ असेल तर खताच्या वाट्याला काय उरलं ते बघा.

खिडकीतला_मळा

मीटरच्या मागे बारीक अक्षरात ०.५ लिहिलंय, म्हणजे ५०० वाला, १.८ धरायचं ना? आणि नळाचं नुसतं पाणी ३१० दाखवतं, म्हणजे ०.६२. लोह ईडीटीएच आहे लेबलवर. बादली आज रात्री लावतो.

मुळाक्षर

०.६२ म्हणजे पाण्यात बरंच काही आहे आणि त्यात मोठा वाटा बहुतेक कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि त्यांच्या बायकार्बोनेटचा. मग मी निम्मं नळाचं आणि निम्मं आरओचं पाणी करेन. पूर्ण आरओ घेतलं तर दुसऱ्या टोकाची पंचाईत, त्यात बफर, म्हणजे पीएच धरून ठेवणारं, असं काही नसतं, दोन थेंबांत पीएच कोसळतो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम वेगळं द्यावं लागतं. निम्मं-निम्मं केलं की दोन्हीकडचं थोडं थोडं मिळतं. फक्त आरओ मशिनच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी वाया जातं ते झाडांना वाचवायला म्हणून वापरू नका, सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

नवीन पाणी बनवताना क्रम असा ठेवा: पाणी, मग ए, नीट ढवळून मग बी, आणि पीएच सगळ्यात शेवटी, कारण खत स्वतःच पीएच खाली आणतं. ए आणि बी एकमेकांत थेट ओतायचं नाही, ए मध्ये कॅल्शियम नायट्रेट असतं आणि बी मध्ये सल्फेट-फॉस्फेट, दाट असताना भेटले की पांढरा गाळ बसतो आणि तो गाळ म्हणजे तुमचंच खत. सिलिका वापरत असाल तर ती सगळ्यांच्या आधी.

सामूशास्त्री

वरचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट कोणी बोलेना म्हणून लिहितो, सामू (म्हणजे पीएचच) ५.८ ला खिळा ठोकल्यासारखा ठेवायची गरजच नाही. पाण्यातल्या झाडांना ५.५ ते ६.५ मध्ये फिरू द्यावा, उलट फिरलेला बरा, कारण खालच्या टोकाला लोह-मँगनीज सोपं जातं आणि वरच्या टोकाला कॅल्शियम-मॅग्नेशियम. ५.६ ला आणा, चढू द्या, ६.४ च्या पुढे गेला की परत आणा. रोज रात्री ॲसिड टाकत बसणं हा एक आजारच आहे, झाडाचा नव्हे. एका अंकाचा फरक म्हणजे आम्लता दहापट, त्यामुळे ५.८ वरून ६.८ ही छोटी उडी नाही हे खरं, पण ५.८ आणि ६.१ मध्ये झाड भांडत नाही.

झाड नायट्रेट खातं तेव्हा मुळाशी पीएच चढतो, अमोनियम खातं तेव्हा उतरतो. त्यामुळे बादली टेस्टमध्ये झाडं दोषी निघाली तर एकूण नायट्रोजनच्या ५ ते १० टक्के अमोनियम असलेलं खत घेतलं की चढणं बरंच मंदावतं. जास्त नको, उजेड कमी असेल तर अमोनियम बाधतं आणि कॅल्शियमही अडवतं.

आणि पीएच-ईसी दोन्ही एकत्र वाचायची सवय लावा. पाणी कमी झालं आणि ईसी चढला म्हणजे झाड पाणी पितंय, खत सोडतंय, तेव्हा भर घालताना नुसतं पाणी. ईसी उतरला म्हणजे भूक आहे, खतपाणी जरा तिखट करा. पाणी आणि खत सारखंच कमी होतंय, म्हणजे ईसी जागेवर आहे, तर गप्प बसा.

कोको_कट्टर

मिरचीकडे कोणी बघतच नाहीये 😅 कोकोपीट आणि टब यांना एकच पाणी देत असाल तर टोकं करपणारच, त्यात आश्चर्य नाही. कोकोपीट धुतलेलं आणि बफर केलेलं होतं का? कच्च्या कोकोमध्ये पोटॅशियम आणि सोडियम चिकटलेलं असतं, तुम्ही दिलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तो स्वतःकडे ओढतो आणि त्या बदल्यात ते पोटॅशियम-सोडियम सोडतो. म्हणून लावायच्या आधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून, निथळून घेतात. आता झाड लागलेलं आहे तर एक करा, पाणी घालताना खालून १५-२० टक्के बाहेर येईपर्यंत घाला आणि त्या खालच्या पाण्याचा ईसी मोजा. वरून १.६ दिलं आणि खालून २.८ आलं तर आत क्षार साठलेत. मग हलकं, ०.८ वगैरे ईसीचं खतपाणी भरपूर सोडून धुवून काढा, नुसतं आरओ ओतू नका. ताटलीत साठलेलं पाणी परत शोषू द्यायचं नाही हे सांगायला नको. पीएच कोकोला ५.८ ते ६.२.

ओंजळभर_माती

मातीतले लोक हा धागा वाचून घाबरत असतील तर, तुम्हाला यातलं निम्मं लागू नाही. माती स्वतःच बफर आहे, ६ ते ७ मध्ये असली की रोज मोजण्यात अर्थ नाही, आणि कुंडीखालून आलेल्या पाण्याचा पीएच म्हणजे मातीचा पीएच नव्हे. मोजायचंच तर चमचाभर माती, दुप्पट आरओ पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा मग मोजा. गंधक टाकून पीएच खाली येतो पण जिवाणूंनी त्याचं ॲसिड करायला आठवडे-महिने लागतात, चार दिवसांनी परत टाकू नका. आणि घरातल्या मंद उजेडात झाड हळू वाढतं, त्याला बाहेरच्या झाडाएवढं खत दिलं की मातीवर पांढरी पापडी धरते. दिवे किती वेळ आणि किती उंचीवर आहेत ते आधी, खत नंतर.

खिडकीतला_मळा

बादलीचा निकाल: बादली ५.८ वरून ७, टब ७.१. म्हणजे पाणीच. फॉस्फोरिक आणि निम्मं-निम्मं पाणी करतो. पिवळी पडलेली पानं परत हिरवी होतील का? आणि मीटरचं राहिलं, पट्ट्या घेऊ का मीटरच बरा?

मुळाक्षर

फार पिवळी झालेली पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, त्यांच्यावर निकाल लावू नका, मधून जे नवीन पान निघेल ते बघा. घाई असेल तर डीटीपीए लोह आणून टबात २ पीपीएमच्या हिशोबाने घाला, इथे पीपीएम म्हणजे खरे मिलिग्रॅम प्रति लिटर, मीटरवाले नव्हे. पुडीवर ११ टक्के लोह लिहिलं असेल तर २० लिटरला ०.३६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दागिन्यांचा काटा लागेल, किचनचा नाही.

आणि नवीन पाणी एक दिवस आधी बनवा. पाण्यात ॲसिड टाकून एअर स्टोनवर रात्रभर ठेवा, सकाळी मोजा, चढला असेल तर परत थोडं, स्थिर झालं की मग खत, मग शेवटचा पीएच. मारामारी बादलीत होऊन जाते, मुळांना त्रास नाही.

पाणीपाणी

पट्ट्या नको, खताच्या रंगीत पाण्यात त्यावर ५.५ आणि ६.५ मधला फरक ओळखू येत नाही. थेंबवाली लिक्विड टेस्ट स्वस्त आणि भरवशाची, मीटर वेडा झाला की पडताळायला घरात असावीच. मीटर ठेवणार असाल तर ७ आणि ४ च्या बफरने (ठरलेल्या पीएचचं द्रावण) कॅलिब्रेट करा, बफर छोट्या कपात ओतून, वापरलेला परत बाटलीत टाकायचा नाही. आणि मीटरच्या टोपीत साधं किंवा आरओ पाणी भरून ठेवायचं नाही, स्टोरेज सोल्युशन म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं मिळतं तेच भरा, नाहीतर प्रोब (मीटरचं मोजणारं टोक) मरतो. नीट ठेवला तरी प्रोब वर्ष-दोन वर्षांत थकतोच. ७ च्या बफरमध्ये आकडा स्थिर व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागायला लागली की समजा.

रात्रपाळी

आणि नुसत्या आरओ पाण्याचा पीएच मोजून घाबरू नका, त्यात क्षारच नसतात त्यामुळे मीटर भरकटतो. खत घातल्यावरच मोजा.

टबातलं पाणी किती गरम आहे? १८ ते २२ डिग्री हवं, दिव्यांनी त्याच्या बरंच वर गेलं तर मुळं तपकिरी पडायला लागतील आणि तुम्ही परत पीएचलाच दोष द्याल. थर्मामीटर टाकून सांगा.