लोणार: धारेचं पाणी गोड, मग तळं खारट कसं?

प्रश्न (नाशिककर):
गेल्या महिन्यात लोणारला गेलो होतो. काठावरच्या धारेखाली ओंजळ धरून पाणी प्यायलो, अगदी गोड. खाली उतरून तळ्यात हात बुडवला तर बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत झाली. पाणी वरून खाली जातं तेच ना? मग असं का?

उत्तर (मेहकरची ताई):
दादा, माझं माहेर तिथून जवळ, लहानपणापासून हेच बघत आले. उल्केच्या आघाताने बेसाल्ट या काळ्या खडकात पडलेला हा खड्डा, व्यास सुमारे १.८ किमी. पाणी आत येतं, बाहेर जायला वाटच नाही. फक्त ऊन ते उडवतं. खडकातून विरघळून आलेला सोडा मात्र मागे उरतो, वर्षानुवर्षं साठतो. चुना तळाशी गाळात बसतो, सोडा पाण्यातच राहतो. म्हणून सामू (pH, पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा; ७ च्या वर म्हणजे अल्क) १० च्या आसपास आणि म्हणूनच तो बुळबुळीतपणा. उन्हाळ्यात काठावर पांढरा खार फुटतो, पायाखाली कुरकुरतो.

नाशिककर:
आणि २०२० मध्ये गुलाबी झालं ते?

मेहकरची ताई:
त्या जूनमध्ये पाणी खूप आटलं, खारटपणा वाढला, आणि मिठात वाढणारे सूक्ष्मजीव माजले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासलं. रंग त्या सूक्ष्मजीवांचाच. पाऊस पडल्यावर पाणी पातळ झालं, रंग ओसरला. एक विनंती, पुन्हा आलात तर धारेपाशी साबण, शांपू वापरू नका. तिथलं सगळं खाली तळ्यातच जातं.